मदत हवी आहे: प्रतिपिंड जोडताना क्वांटम डॉटचा गाळ होतो

नमस्कार.

डेंग्यूचे एनएस१ हे प्रथिन रक्तद्रवात ओळखणारी प्रतिदीप्त चाचणीपट्टी तयार करण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेत चालू आहे. तापाच्या पहिल्या काही दिवसांत, रुग्णाच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्याच्या आधीच, हे प्रथिन रक्तात सापडते; त्यामुळे ते अगदी कमी प्रमाणातही दिसावे यासाठी आमची धडपड आहे. नेहमीच्या पट्टीतील सोन्याच्या सूक्ष्मकणांऐवजी आम्ही कॅडमियम सेलेनाइडचा गाभा आणि झिंक सल्फाइडचे कवच असलेले, लाल प्रकाश देणारे क्वांटम डॉट (नॅनोमीटर आकाराचे प्रतिदीप्त अर्धवाहक कण) घेतले आहेत.

हे डॉट तापवलेल्या सेंद्रिय द्रावकात तयार होत असल्याने त्यांच्या पृष्ठभागावर ओलेइक आम्ल आणि ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइडचा थर असतो आणि ते टोल्युइनमध्ये उत्तम पसरतात, पाण्यात मात्र मुळीच नाही. म्हणून मरकॅप्टोप्रोपिऑनिक आम्लाने लिगँड (पृष्ठभागाला चिकटलेले रेणू) बदलून आम्ही ते पाण्यात आणले. द्रावण पारदर्शक मिळाले, पण चमक बरीच उतरली. खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे: पीएच ६ च्या एमईएस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ईडीसी आणि एनएचएस (डॉटवरील कार्बॉक्सिल प्रतिपिंडाच्या अमाइनशी जोडण्यासाठीची अभिकर्मके) घालून कार्बॉक्सिल गट सक्रिय करू लागलो की काही मिनिटांत द्रावण गढूळ होते आणि तळाशी लाल गाळ बसतो. तो पुन्हा पसरत नाही, आणि पट्टीवर टाकल्यास सुरुवातीच्या पॅडमध्येच अडकून राहतो.

गाळ पीएचमुळे होतो की ईडीसीमुळे, हे वेगळे कसे करावे? पट्टीसाठी कोणते आवरण योग्य ठरेल? आणि जोडणी साधल्यावर न जोडलेले प्रतिपिंड बाजूला कसे काढावे? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपण वर्णन पायऱ्यांसह दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मरकॅप्टोप्रोपिऑनिक आम्लाचे डॉट पाण्यात टिकतात ते केवळ कार्बॉक्सिलच्या ऋण भारामुळे एकमेकांना दूर ढकलतात म्हणून. पीएच उतरला की यांतील काही गटांना प्रोटॉन चिकटतो आणि भार घटतो. त्याच वेळी झिंकला धरून ठेवणारा थायोलही (लिगँडचा गंधकयुक्त गट) प्रोटॉन घेऊन सुटू लागतो. एकच थायोल असलेल्या लिगँडची पकड मुळात सैल असते, त्यामुळे आम्लात त्याच्याकडून टिकण्याची अपेक्षा करता येत नाही. त्यात ईडीसी धनभारित असल्याने उरलेला ऋण भारही झाकला जातो.

दोन कारणे वेगळी करण्यासाठी डॉट नुसत्या एमईएसमध्ये, ईडीसी न घालता, अर्धा तास ठेवा आणि अतिनील दिव्याखाली पाहा. जमल्यास प्रकाशविकिरणाने कणांचा आकारही मोजा. तिथेच गढूळपणा आला तर दोष लिगँडचा आहे. तिथे स्थिर राहून ईडीसीनंतर बिघडले, तर ईडीसीची मात्रा कमी करा, साध्या एनएचएसऐवजी सल्फो-एनएचएस घ्या (सक्रिय झालेल्या गटावरही त्याचा ऋण भार राहतो) आणि पीएच ७.४ ते ८ च्या बोरेट बफरमध्ये काम करा. तिथे सक्रियीकरण मंद होते, पण डॉट जिवंत राहतात. ट्रिस किंवा ग्लायसिन असलेला बफर जोडणी पूर्ण होईपर्यंत वापरू नका, कारण त्यातील अमाइन प्रतिपिंडाची जागा घेते.

आवरणाबाबत माझे मत स्पष्ट आहे: आपल्या कामाला लिगँड बदलूच नका. डायहायड्रोलिपोइक आम्लाला दोन थायोल असतात आणि त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडले की डॉट लहान व स्थिर राहतात, हे खरे. पण लहान आकाराची निकड असते ती एफआरईटी (दात्याकडून जवळच्या ग्राहीकडे होणारे ऊर्जेचे हस्तांतरण) मोजणाऱ्यांना, कारण तिथे दाता आणि ग्राही यांच्यातील अंतर १० नॅनोमीटरच्या आत ठेवावे लागते. आपल्या पट्टीला चमक हवी आहे. मूळ ओलेइक थर तसाच ठेवून त्यावर मॅलेइक अॅनहायड्राइड आणि ऑक्टाडेसीन यांचा सहबहुलक गुंडाळला, तर त्याच्या तैल साखळ्या मूळ थरात गुंततात, बाहेरच्या बाजूला पाण्यात उघडलेले कार्बॉक्सिल मिळतात आणि झिंक सल्फाइडचा पृष्ठभाग उघडा पडत नसल्याने प्रकाश फारसा कमी होत नाही. एक खबरदारी मात्र घ्याच: जास्तीच्या बहुलकाचे डॉटविरहित पोकळ मायसेल (बहुलकाचे सूक्ष्म गोलाकार पुंजके) तयार होतात. ते काढले नाहीत तर महागडे प्रतिपिंड त्यांच्यावरच जोडले जाते आणि पट्टीवरची रेघ फिकी येते.

न जोडलेल्या प्रतिपिंडासाठी १०० किलोडाल्टनची (किलोडाल्टन हे रेणुभाराचे एकक) गाळणी उपयोगाची नाही. आयजीजी (प्रतिपिंडाचा नेहमीचा प्रकार) सुमारे १५० किलोडाल्टनचे असल्याने तेही डॉटबरोबर वरच अडकते. ३०० किलोडाल्टनची गाळणी किंवा जेल गाळणीचा स्तंभ घ्या. मोकळे प्रतिपिंड राहिले तर ते एनएस१ ला आधीच धरते आणि संकेत घटतो. जोडणी झाली की नाही हे अॅगॅरोज जेलवर कळते. प्रतिपिंड लागलेले डॉट मागे राहतात. त्यानंतर बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनने उरलेली जागा अडवा, नाहीतर रक्तद्रवातील इतर प्रथिने चिकटून निरोगी नमुन्यातही रेघ उमटेल.

धुण्याचे पाणी आणि गाळ बेसिनमध्ये ओतू नका. कॅडमियमचा कचरा वेगळ्या बाटलीत साठवून घातक कचऱ्यातच द्यावा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आपण सुचवलेली नियंत्रण चाचणी केली. ईडीसी न घालताच, नुसत्या एमईएसमध्ये द्रावण गढूळ झाले, त्यामुळे लिगँड बदल सोडून बहुलकाकडे वळत आहोत. आता एकच प्रश्न उरतो: पोकळ मायसेल काढण्यासाठी आमच्याकडे अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण वेगळे करणारे यंत्र) नाही. पोकळ मायसेल अॅगॅरोज जेलवर वेगळे करून लाल पट्टा कापून घेतला आणि विद्युतप्रवाहाने डॉट बाहेर काढले, तर पुढच्या जोडणीसाठी ते पुरेसे शुद्ध असतील का? की जेलचे सूक्ष्म तुकडे त्यात येऊन पट्टीवर पुन्हा अडथळा करतील?