शब्दचर्चा : सॅच्युरेट – संपृक्त, संतृप्त की चिंब?

प्रश्न : शेती आणि आरोग्यावरच्या पत्रकांचं मराठीकरण चालू आहे. ‘सॅच्युरेट’ कधी जमिनीला लावलंय, कधी तेलाला, कधी रक्तातल्या ऑक्सिजनला. सगळीकडे ‘संपृक्त’ चालेल का?

प्रतिसाद १ : शास्त्रीय मजकुरात चालेल. आपल्या पाठ्यपुस्तकांत संपृक्त द्रावण, असंपृक्त हायड्रोकार्बन हेच शब्द रुळलेत, ‘संतृप्त’ हिंदीतला. अर्थाच्या दृष्टीने मात्र संतृप्त मूळ लॅटिन शब्दाच्या जास्त जवळ आहे, कारण त्यातला ‘सातुर’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. संपृक्त हा ‘पृच्’ धातूपासून आलेला, मूळ अर्थ जोडलेला, मिसळलेला. कालिदासाच्या ‘वागर्थाविव संपृक्तौ’मध्ये तोच आहे. तरी रुळलेला शब्द मोडू नये, असं माझं मत.

प्रतिसाद २ : शब्द कोणताही घ्या, पण संपृक्तता म्हणजे ‘खूप’ नव्हे, हे वाचकाला कळायला हवं. त्या परिस्थितीत जेवढं मावतं तेवढं सगळं भरलंय, एवढाच अर्थ. म्हणून कशात, कशाने आणि कोणत्या तापमानाला, हे सांगितल्याशिवाय वाक्य अर्धं राहतं.

२५ अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पाणी उकळलं तरी हा आकडा ४०च्या आतच राहतो. साखर मात्र २० अंशांना जवळजवळ २०० ग्रॅम विरघळते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून गरम पाक हळूहळू, न हलवता थंड केला की तो अतिसंपृक्त होतो, म्हणजे त्या तापमानाला मावते त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली राहते, आणि एखादा कण पडला तरी साखर धरतो. खडीसाखरेचे खडे दोऱ्यावर धरतात ते याच गुणामुळे. मधही अतिसंपृक्तच असतो. थंडीत तो रवाळ झाला म्हणून भेसळीचा ठरत नाही.

मिठाचं संपृक्त द्रावण करायचं तर १०० मिलिलिटर पाण्यात ४० ग्रॅम घाला, अधूनमधून ढवळा आणि तासभर ठेवा. तळाशी थोडं मीठ उरलंच पाहिजे. सगळं विरघळलं, तर द्रावण संपृक्त झालंय की नाही ते सांगता येत नाही. पाकीटबंद मिठाचं पाणी किंचित गढूळ दिसतं, पण तो गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेला पदार्थ असतो. त्याला न विरघळलेलं मीठ समजू नका.

प्रतिसाद ३ : तेलातुपाची गोष्ट वेगळी. तिथे ‘भरलेले’ असतात ते कार्बनचे बंध. मेदाम्लाच्या (फॅटी ॲसिडच्या) कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसेल तर तिच्यात मावेल तेवढा हायड्रोजन असतो, म्हणून ते मेदाम्ल संपृक्त. असे सरळ रेणू एकमेकांना दाटीने चिकटून बसतात, म्हणून खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं आणि करडईचं तेल पातळच राहतं. वनस्पती तूप करताना निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडून हेच दुहेरी बंध कमी करतात.

प्रतिसाद ४ : आरोग्याच्या पत्रकात ‘रक्तातील ऑक्सिजनचं प्रमाण ९८ टक्के’ असं कृपया लिहू नका. ९८ टक्के म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन धरण्याच्या जागांपैकी तेवढ्या भरलेल्या आहेत. हिमोग्लोबिन १४ऐवजी ७ असलेल्या रुग्णाचं ऑक्सिमीटरही ९८ दाखवू शकतं, पण त्याच्या रक्तात ऑक्सिजन जवळपास निम्माच असतो. ‘ऑक्सिजन संपृक्तता’ लिहा आणि पुढे हे एक वाक्य जोडा. बोट गार असेल किंवा नखाला गडद रंग लावलेला असेल तर आकडा चुकू शकतो, हेही त्यात यायला हवं.

प्रश्नकर्ता : आणि ‘जमीन सॅच्युरेट झाली असताना नांगरू नये’ या वाक्याचं काय करू?

प्रतिसाद ५ : तिथे ‘संपृक्त’ नको. ‘वाफसा येईपर्यंत नांगरू नका’ असं लिहा, शेतकऱ्याला लगेच कळेल. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा उरत नाही, मुळं गुदमरतात आणि पिकं पिवळी पडतात. जादा पाणी निचरून पाणी आणि हवा दोन्ही मातीत राहिली की वाफसा. हलक्या जमिनीत तो लवकर येतो, काळ्या जमिनीत आणखी काही दिवस लागतात. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबायची : गोळा झाला, तळहाताला पाणी लागलं नाही आणि खाली टाकल्यावर तो फुटला, तर वाफसा आला. चिकटली तर थांबायचं, कारण त्या ओलीत नांगर घातला की माती दबते आणि वाळल्यावर ढेकळं फुटत नाहीत. निचराच होत नसेल आणि पाणी कायमचं साचून राहत असेल, तर त्या जमिनीला ‘चिबड’ हा शब्द आहेच.




प्रतिसाद ६ : कपड्यांसाठी ‘चिंब’, बाजारासाठी ‘मागणी भरून गेली’, फोटोसाठी ‘रंगांचा भडकपणा’. या तिन्ही ठिकाणी संपृक्त शब्द लिहू नये.