रिकाम्या पुंगळीवरून पिस्तूल कसे ओळखतात?

पंचवटीकर: नाशिकच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करताना बॅलिस्टिक (शस्त्र व गोळ्यांच्या तपासणीचा) अहवाल वाचला. गोळी सापडलेली नसताना केवळ पुंगळीवरून, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचावरून, शस्त्र कसे ठरते?

सूक्ष्मदर्शी: बार उडताच पुंगळी मागे ब्रीचवर (नळीच्या मागच्या बंद तोंडावर) दाबली जाते आणि तेथील यंत्रकामाचे बारीक ओरखडे, काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनचा खळगा, पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर व ती दूर फेकणारा इजेक्टर यांच्या खुणा तिच्यावर उमटतात. जप्त शस्त्रातून झाडलेल्या चाचणीच्या पुंगळीशी त्या कंपॅरिझन मायक्रोस्कोपखाली (दोन वस्तू शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) ताडून पाहतात. ही पद्धत १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅल्विन गोडार्ड यांनी रुजवली.

गोदाकाठ: गावठी कट्ट्यात बहुधा एक्स्ट्रॅक्टर नसतो, मात्र कानशीने घासलेल्या ब्रीचचे ओरखडे ठळक उमटतात.

सूक्ष्मदर्शी: खरे आहे. तरीही शस्त्र कोणी चालवले, हे पुंगळी सांगत नाही. उलटतपासणीत चाचणीच्या किती पुंगळ्या झाडल्या, हे आधी विचारा.