शब्दचर्चा : ‘प्रतिकारशक्ती कमी करणारी गोळी’

सूरसागरकाठची
मंडळी, एका वाक्यापाशी अडले आहे. इथल्या, वडोदऱ्यातल्या एका दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायचं दोन पानी माहितीपत्रक मराठीत करते आहे. डावीकडे गुजराती, उजवीकडे मराठी. आपल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी माणसं दिवसभर गुजराती बोलतात, पण औषधाबद्दल वाचायचं तर त्यांना मराठीच लागतं. विषय आमवाताचा, म्हणजे बोटांचे सांधे सुजून सकाळी मूठ वळत नाही तो. यात शरीराची रोगाशी लढणारी व्यवस्था आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. तिला आवरायला मेथोट्रेक्सेटची गोळी देतात, रोज नाही, आठवड्यातून एकदा.

मी लिहिलं, ‘ही गोळी तुमची रोगप्रतिकारशक्ती कमी करते.’ आईला वाचायला दिलं. तिला हीच गोळी चालू आहे. तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे इतके महिने मी शक्ती घालवायचं औषध घेतेय?” त्या आठवड्याची गोळी तिने घेतली नाही. मला ते फार लागलं. वाक्यात खोटं काहीच नाही, तरी ते वाचून माणूस औषध सोडतो. करोनाच्या काळात काढ्याच्या प्रत्येक पुडीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ वाचलेलं. आता कुणी ती कमी करा म्हटलं तर पटणार कसं? गुजराती रकान्यातही ‘रोगप्रतिकारक शक्ति’च आहे, त्यामुळे तिकडूनही मदत नाही. ‘प्रतिरक्षा’ चालेल का?

मांडवीकर
ताई, ‘प्रतिरक्षा’ हिंदीत रुळलेला आहे, मराठी कानाला परका वाटतो. आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे : व्याधिक्षमत्व. चरकसंहितेच्या सूत्रस्थान या भागावर लिहिलेल्या टीकेत चक्रपाणिदत्ताने त्याचे दोन अर्थ दिले आहेत. व्याधीच्या बळाला विरोध करणं हा एक, आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणं हा दुसरा. आलेल्याशी झुंज आणि येऊ न देणं, दोन्ही एका शब्दात. शिवाय ‘क्षम्’ धातूत सोसणं आहे, समर्थ असणंही आहे. एवढा शब्द घरात असताना ‘शक्ती’च्या मागे का लागायचं?

कारेलीबाग
दादा, शब्द सुंदर आहे, पण पत्रक वाचणार कोण? माझ्या सासूबाई ‘व्याधिक्षमत्व’ वाचून पान उलटतील. ‘प्रतिकारशक्ती’ दूधवाल्यालाही कळते. रुळलेला शब्द मोडून नवा घडवायचा आणि मग तो समजावायला आणखी चार ओळी लिहायच्या, हे मला पटत नाही. शब्द लोकांचा असतो.

मांडवीकर
लोकांचा शब्द कळला म्हणूनच तर आईंनी गोळी सोडली! चुकीचा अर्थ चटकन कळणं ही सोय नव्हे.

सूक्ष्मदर्शी
मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबेल.

‘शक्ती’ म्हटलं की टाकीतल्या पाण्यासारखं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, कमी किंवा जास्त. प्रत्यक्षात ती एक गोष्टच नाही. कातडी, जठरातलं आम्ल, अश्रूंतलं जंतूंची भिंत फोडणारं विकर, हा पहिला कोट. तो ओलांडून जंतू आत आला की त्याला गिळणाऱ्या पेशी धावतात. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये इटलीत मेसिनाला ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती अशा पेशी जमलेल्या पाहिल्या. या पेशी कुणालाही सरसकट गिळायला जातात. त्यानंतर येतात ओळख पटवून काम करणाऱ्या पेशी. त्यांतल्या काही त्या एका जंतूपुरती प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतात, आणि काही त्याची आठवण ठेवून वर्षानुवर्षं राहतात. गोवर एकदा निघाला की परत निघत नाही, तो त्या आठवणीमुळे.

पण ताईंच्या पत्रकाला लागते ती गोष्ट वेगळीच. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे तयार होणाऱ्या पेशींपैकी ज्या आपल्याच शरीरावर जोरात धावून जातात, त्यांना तिथेच संपवलं जातं. त्यातूनही सुटलेल्यांना बाहेर आवरून धरणाऱ्या पेशी निराळ्या. त्यांच्यावरच्या संशोधनासाठी २०२५चं वैद्यकाचं नोबेल साकागुची, ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांना मिळालं. मारणं हे या यंत्रणेचं अर्धं काम. न मारणं, आपलं म्हणून सोडून देणं, हे उरलेलं अर्धं. आमवातात दुसरं अर्धं बिघडतं. तिथे ‘शक्ती’ कमी नसते, ओळख चुकलेली असते. म्हणून मांडवीकरांच्या ‘क्षम्’मधलं सोसणं मला फार आवडलं, जरी चक्रपाणींना या पेशी ठाऊक असण्याचा प्रश्न नाही.

आणखी एक. ‘प्रतिकार’ शब्दानेही घोटाळा होतो. ‘प्रतिजैविकांचा प्रतिकार’ वाचून विद्यार्थीसुद्धा समजतात की माणसाच्या शरीराला गोळीची सवय झाली. सवय माणसाला होत नाही, जंतू बदलतात. ‘जंतू औषधाला दाद देत नाहीत’ म्हटलं की कुणाचाही गोंधळ होत नाही.

बारखळीकर
मूळ इंग्रजी शब्द कुठून आला ते पाहिलं तर उलगडा होईल. लॅटिन ‘इम्यूनिस’ म्हणजे सार्वजनिक कामातून किंवा करातून सूट असलेला. शरीराशी संबंधच नव्हता. परदेशी वकिलातीच्या माणसाला खटल्यातून मिळते ती सूट याच जातीची. आमच्या पणजोबांची जमीन बडोदे संस्थानात बारखळी होती, म्हणजे तिला सारा माफ किंवा सवलतीचा. तेव्हा ‘रोगमाफी’ म्हणा! आणि मला राहून राहून वाटतं की इनाम आणि इम्यून यांचं काहीतरी नातं असणार.

मांडवीकर
काका, नातं नाही. इनाम अरबी आहे, मूळ अर्थ कृपा, देणगी. लॅटिनशी फक्त उच्चार जुळतो. ‘माफी’ मात्र गोवराला छान बसते. पण आमवाताच्या रुग्णाला ‘तुमची माफी कमी करतो’ म्हटलं तर?

बारखळीकर
इनामचं मान्य. माफीवर मी ठाम आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात कारभाराच्या शब्दांचा कोश ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ निघाला, १९३१ मध्ये, आठ भाषांत. या गावाने आठ-आठ रकाने भरले आणि आपण एका रकान्यापाशी अडून बसलोय, याचं वाईट वाटतं.

वाडीची मावशी
मला मोठे शब्द येत नाहीत, पण एक विचारते. आमच्या शेजारच्या बेन नातवाला ‘रसी मुकावायला’, म्हणजे लस टोचायला नेतात. गुजरातीत जखमेतल्या पुवालाही रसी म्हणतात. आपल्याकडे जखमेतून लस वाहते आणि दंडावर लसही टोचतात. दोन्हीकडे तेच कसं?

सूक्ष्मदर्शी
मावशी, कारण पूर्वी तेच टोचत असत! जेनर या इंग्रज डॉक्टरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीच्या, म्हणजे गायींना येणाऱ्या देवीच्या फोडातला द्रव एका मुलाला टोचला. मग एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, असा हातोहात प्रवास. बगदाद, बसरा करत तो मुंबईत आला आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचला गेला. हिंदुस्थानातली ती पहिली लस. फोडातून येते ती लस, म्हणून टोचतात तीही लस. रसीचंही तसंच असावं असं मला वाटतं.

कारेलीबाग
पाहा, हा शब्द कुठल्या समितीने घडवला नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि नाव दिलं. माझं म्हणणं तेच.

मांडवीकर
लोकांनी दिलं, पण हवेतून नाही. त्वचेखालच्या, जखमेत दिसणाऱ्या द्रवाला चरकसंहितेत ‘लसीका’ म्हटलं आहे.

वाडीची मावशी
आणि सूरसागरकाठची, आईंना माझ्याकडून सांग, आमच्या आजेसासूबाई वडोदऱ्यात आयुष्य घालवून ‘हे हवामान मला फावत नाही’ असंच म्हणायच्या, गुजरातीसारखं, म्हणजे मानवत नाही. पुण्याची सून विचारायची, वेळ नाही का तुम्हाला? शरीराला स्वतःचेच सांधे फावेनासे झालेत, असं सांगितलं तर आईंना नक्की कळेल.

सूरसागरकाठची
मावशी, कळलं! काल हेच सांगितलं. ‘फावत नाही’ पत्रकात घालता येणार नाही, पुण्याहून आलेले रुग्ण अडखळतील. पण ‘शक्ती’ मी काढून टाकली. आता असं आहे : ‘शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा तुमच्याच सांध्यांना परकं समजू लागली आहे. ही गोळी तिला आवर घालते.’ आईने दोनदा वाचलं. मग विचारलं, “तिला आवर घातला आणि त्यातच ताप आला तर?” इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला, आणि तोच विचारायला हवा होता. ‘ताप आल्यास अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा’ हे वाक्य मी चौथ्या परिच्छेदातून उचलून त्याच्या लगेच खाली आणलं. राहिलेल्या गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करून विचारलं, आणि या आठवड्याची तिने घेतली. मथळ्यात मात्र अजून ‘रोगप्रतिकारशक्ती’ आहे, कारण रुग्ण तोच शब्द शोधत येतात. तिथे काय करू?

कारेलीबाग
मथळ्यात राहू दे.

मांडवीकर
मथळ्यात तर मुळीच नको. ‘रक्षणयंत्रणा’ लिहा. आणि मावशींचा प्रश्न अजून संपलेला नाही. संस्कृतात ‘रलयोरभेदः’ म्हणतात, र आणि ल एकमेकांची जागा घेतात. रस आणि लस मुळात एकच असतील.

बारखळीकर
हे आता तुमचं इनाम झालं! लस् धातूचा अर्थ चिकटणं. जखमेवरची लस बोटाला चिकटते, म्हणून लस. रस कुठून आला त्यात?

मांडवीकर
मग रसी कुठून आली ते सांगा.