पॉलिसीतली कलमं आणि आपली माणसं: सांगली-मिरजेचे अनुभव

पॉलिसीची कलमं वाचणं, समजावणं, क्लेम पुढे सरकवणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी जरूर लिहा. ग्राहकाचं नाव मात्र नको. सुरुवात मी करते.

फायर क्लेम, सांगली
ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर. ओसरल्यावर बाजारपेठेतला जो तो विचारायचा, "मॅडम, पूर बसतो न्हवं यात?" बसत होता, नावाला फायर पॉलिसी असली तरी पूर त्यात धरलेला होता. अडत होतं रकमेपाशी. एका दुकानदारांचा विमा १० लाखांचा, पण गणपतीसाठी भरलेला माल २० लाखांचा. भिजला ८ लाखांचा. आठ म्हणजे दहाच्या आतच, असा त्यांचा हिशोब. पण अ‍ॅव्हरेज क्लॉज असा की विमा निम्म्या मालाचा, तर भरपाईही निम्मी. हातात ४ लाख. पॉलिसी विकताना हे गणित कुणीच मांडून दाखवलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो. एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात विमा मालाच्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती तूट धरत नाहीत. तूट त्यापुढे गेली की पुन्हा तेच गणित. सणाचा माल उतरण्याआधी रक्कम वाढवून घ्या हो!

मोटार विमा, विश्रामबाग
बुडालेली गाडी चालू करून बघू नका, ओढून न्या. स्टार्टर मारल्यावर इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर असतं.

हॉस्पिटलचा विमा काउंटर, मिरज
कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीतला एक तरुण मानसिक आजारासाठी दाखल झाला. २०१७ च्या कायद्यानुसार अशा आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो, त्यामुळे खर्चाची चिंता नव्हती. त्याने हळूच विचारलं, "ताई, हे कारखान्यात कळंल का?" कागद थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे गेले, मधे कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीत. चौकशीला आलेल्या पाहुण्यांनाही मी निदान सांगितलं नाही. ते रागावले. पण आजार त्याचा आहे, कुणाला सांगायचं ते तोच ठरवेल.

विमा सल्ला, तासगाव
कंपनीने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर पुण्याला विमा लोकपाल आहेत. फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत जायचं. आमच्याकडच्या एका आजोबांना हे सांगितलं, तर त्यांनी नातीला बसवून अर्ज लिहून घेतला आणि नकाराचं पत्र जोडून त्याच आठवड्यात पाठवला.