मदत हवी आहे: बोआसाठी पेटी केवढी करू?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बोआ कन्स्ट्रिक्टर या अजगरासारख्या परदेशी सापाची मादी आहे. (आपला अजगर नाही, तो १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार पाळताच येत नाही. बोआची केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी केलेली आहे, त्यामुळे कृपया तो वाद नको.) आत्ता पाच फुटांच्या आसपास आहे, पूर्ण वाढ सहा ते आठ फूट धरतात.

घर मुलुंडला, वन बीएचके. हॉलमध्ये सहा बाय दोन बाय दोन फुटांची पेटी सहज बसते. आठ फुटी केली तर दिवाण काढावा लागेल आणि आई म्हणते, "दिवाण जाणार नाही, साप गेला तरी चालेल."

साप सरळ पसरू शकेल एवढी लांबी हवी, हे मला पटतं. शिवाय एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ ठेवायचं तर लहान पेटीत ते जमणं कठीण. मग सहा फूट लांबी ठेवून रुंदी अडीच-तीन फूट केली तर चालेल का? कुणी केलंय?

दुसरं, सुतार प्लायवूडच म्हणतोय. आपल्या पावसाळ्यात ते फुगणार, म्हणून मला पीव्हीसी बोर्ड बरा वाटतो. पण तो मधे वाकतो का? सरकत्या काचेला कुलूप कोणतं लावता?