टॅब दिल्याने मूल बोलण्याचा आळस करते का?

मुलुंडची आई: न बोलणाऱ्या मुलाच्या हाती चित्रांचा, म्हणजे चित्र दाबले की शब्द बोलून दाखवणारा टॅब दिला की ते बोलण्याचा आळस करते, असे काल येथे एका गृहस्थांनी ठामपणे लिहिले. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. ‘बोलेल, बोलेल’ असे म्हणत आम्ही टॅब पाच वर्षे लांबवला. त्याच काळात त्याची दाढ किडली. तो आठवडाभर ताट ढकलत राहिला आणि मी त्याला हट्टी समजून रागावत राहिले. त्या रागावण्याची बोच अजून जात नाही.

गिरगावचे आजोबा: ते मीच लिहिले होते. माझी नात साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती, ती घरातल्या माणसांत राहून बोलू लागली. यंत्र आयते बोलत असेल, तर मूल जिभेला कष्ट का देईल?

दादरच्या स्पीच थेरपिस्ट: काका, नातीचा उशीर आणि सेरेब्रल पाल्सी एका मापाने मोजू नका, येथे ओठांवर आणि जिभेवर मेंदूचा ताबाच नीट चालत नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी 2006 मध्ये खुणा, चित्रे अशी बोलण्याला जोड देणारी साधने वापरणाऱ्यांवरील जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते आणि 24 जणांचे, थोडे का होईना, वाढले होते.

पवईचे वडील: माझी तक्रार भाषेची आहे. माझी मुलगी ‘मी’, ‘पाणी’, ‘हवे’ ही चित्रे दाबते आणि टॅब ‘मी पाणी हवे’ असे बोलतो. मराठीत ‘मी’चे ‘मला’ होते, ‘शाळा’चे ‘शाळेत’ होते, हे इंग्रजीच्या साच्यावर बेतलेल्या फलकाला कसे कळणार? तिच्या तोंडी तो ‘मी जातो’ असे घालतो, तेव्हा ती चिडून टॅब उलटा ठेवते.

मुलुंडची आई: येथे मूल उपाशी राहते आणि आपण विभक्ती काढता?

पवईचे वडील: ताई, आपले दुःख मी कमी लेखत नाही, पण मुलीने स्वतःला ‘जातो’ म्हणवून घ्यावे, हेही मला सोसत नाही.

दादरच्या स्पीच थेरपिस्ट: दोघांचेही खरे आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे चित्रांतून बोलण्याचे ॲप मोफत आहे आणि मराठीतही आहे. ते एकदा पाहा.

गिरगावचे आजोबा: नातीवरून सर्व मुलांविषयी बोललो, ही माझी चूक. तरीही बॅटरी संपल्यावर मुलाने काय करायचे?

मुलुंडची आई: लोकलच्या गर्दीत आम्ही टॅब बाहेर काढतच नाही. त्याच्या गळ्यात लॅमिनेट केलेला चित्रांचा तक्ता असतो आणि त्यात आता सर्वांत वर ‘दुखते’ आहे.