निकी हॉपकिन्सचा पियानो: एकच एलपी घ्यायची तर कुठली?

मेघना_नाशिक
नमस्कार मंडळी. रोलिंग स्टोन्सच्या 'अँजी'मधला पियानो कोणाचा हे शोधता शोधता निकी हॉपकिन्सपर्यंत पोचले आणि आता दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. 'शीज अ रेनबो' तोच, 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' तोच, लेननच्या 'जेलस गाय'मध्ये तोच, जो कॉकरच्या 'यू आर सो ब्यूटिफुल'मध्येही तोच. स्टोन्स, बीटल्स, हू आणि किंक्स या चारही बँडच्या रेकॉर्डवर वाजवलेला माणूस, आणि रॉक ऐकणाऱ्यांनाही त्याचं नाव सांगावं लागतं याचं फार वाईट वाटतं.

तर प्रश्न असा. मला एकच एलपी घ्यायची आहे. बजेट २५०० रुपये, पोस्टेज धरून. नवी-जुनी कशीही चालेल. अट एकच: पियानो गिटारच्या मागे दडलेला नको, समोर हवा. मी स्वतः पियानो शिकते, त्यामुळे त्याचा डावा हात काय करतोय ते नीट ऐकू यायला हवं. टर्नटेबल साधा आहे आणि तो सध्या बदलायचा नाही.

जुनी_तबकडी
यात विचार करण्यासारखं काय आहे? 'द टिन मॅन वॉज अ ड्रीमर', १९७३. त्याची स्वतःची एलपी, स्वतः गायलाय. जॉर्ज हॅरिसन त्यात 'जॉर्ज ओ'हारा' या नावाने वाजवतो, शिवाय मिक टेलर, क्लाउस फोरमन, बॉबी कीज. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्याच्या रेकॉर्डवर बाकीचे सगळे येऊन वाजवतात, यापेक्षा मोठा मान कुठला?

माझ्याकडे पहिल्या छपाईची अमेरिकन प्रत आहे, कोलंबियाची. न्यू जर्सीला भावाकडे गेलो होतो तेव्हा आणली. कव्हरचे कोपरेसुद्धा दुमडलेले नाहीत. किंमत विचारू नका, पण २५०० मध्ये अशी प्रत मिळणार नाही हे आत्ताच सांगतो. बजेट थोडं वाढवा.

मेघना_नाशिक
धन्यवाद दादा. बजेट वाढणार नाही. आणि त्यात गाणं जास्त आहे ना? मला वादन हवंय.

कोल्हापुरी_स्ट्रॅट
जेफ बेक ग्रुपची 'बेक-ओला' घ्या, १९६९ ची. त्यात 'गर्ल फ्रॉम मिल व्हॅली' आहे, निकीचीच रचना, शब्द नाहीत, सगळा भार पियानोवर. बेक, रॉड स्टुअर्ट आणि रॉनी वुड बँडमध्ये असताना पियानोवाल्याला एक अख्खं गाणं मिळतं म्हणजे बघा.

त्याआधीची 'ट्रुथ' तर हवीच. तिच्यातला 'बेक्स बोलेरो' १९६६ मध्येच रेकॉर्ड झाला होता. गिटारवर बेक आणि जिमी पेज, बेसवर जॉन पॉल जोन्स, ड्रम्सवर कीथ मून आणि पियानोवर हॉपकिन्स! पेज आणि जोन्सचं लेड झेपेलिन तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. दोन्ही घ्या, ५००० मध्ये होतील.

डॉ_सुहास_मिरज
आधी टर्नटेबल बघा, एलपी नंतर. साध्या टर्नटेबलवर पियानोचीच सगळ्यात जास्त वाट लागते. मोटरचा वेग जरा हलला की गिटारमध्ये ते खपून जातं, पण पियानोचा लांबवलेला स्वर लगेच थरथरतो. माझा जुना सेट असाच होता. पंधरा-सोळा हजारांत चांगला बेल्ट ड्राइव्ह, म्हणजे पट्ट्याने फिरणारा टर्नटेबल, येतो. मी घेतला आणि तेव्हापासून हूचं 'गेटिंग इन ट्यून' पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटतं.

मेघना_नाशिक
डॉक्टर, सेट बदलायचा नाही असं वर लिहिलंय. आहे त्यात काही सुधारता येईल का?

डॉ_सुहास_मिरज
येईल. सुई किती जुनी आहे? वर्षानुवर्षं बदलली नसेल तर फक्त सुई बदला, ती ज्यात बसते ते अख्खं कार्ट्रिज बदलायची गरज नाही. सुईचा भार किती ठेवायचा ते कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं, त्या मर्यादेतच ठेवा. भार कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते हा गैरसमज आहे. सुई खाचेत हलकी बसली तर उड्या मारते आणि खाच जास्त खराब होते. आणि टर्नटेबलखाली पाणसळ ठेवून बघा, सपाट आहे का. याला खर्च काही नाही. तरीही बेल्ट ड्राइव्ह घ्याच.

ठाणे_लोकल
नवी रेकॉर्ड ऑनलाइन घ्यायच्या आधी माझं ऐका. मी हूची 'हूज नेक्स्ट' मागवली. आली ती अशी वाकलेली की टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, वर-खाली झुलत होता. विक्रेता म्हणतो आमच्याकडून निघाली तेव्हा सरळ होती, कुरिअरवाला म्हणतो खोका बंद होता. महिनाभर मेलामेली, पैसे गेले ते गेलेच. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, एकही कट न करता, आणि त्यात रेकॉर्ड टर्नटेबलवर फिरताना बाजूने दाखवा. तेवढाच पुरावा चालतो.

'हूज नेक्स्ट' मात्र घ्याच. 'द साँग इज ओव्हर'मध्ये तो काय वाजवतो! हूच्या टाउनझेंडच्या सिंथेसायझरचं सगळे बोलतात, या पियानोचं कोणी बोलत नाही.

सॅक्सवाला_पार्ले
स्टोन्सची 'स्टिकी फिंगर्स' घ्या. 'वाइल्ड हॉर्सेस'चा पियानो ऐकून रडू आलं नाही तर सांगा.

जुनी_तबकडी
'वाइल्ड हॉर्सेस'वर निकी नाहीच. तो जिम डिकिन्सन. १९६९ च्या डिसेंबरात मसल शोल्सला रेकॉर्ड झालं. स्टोन्सचा नेहमीचा पियानोवाला इयन स्टुअर्ट तिथे होता, पण त्याला मायनर कॉर्ड वाजवायला आवडत नसे, म्हणून डिकिन्सन बसला. 'स्टिकी फिंगर्स'वर निकी 'स्वे'मध्ये आहे.

सॅक्सवाला_पार्ले
बरोबर असेल तुमचं. पण त्या एलपीवर 'कान्ट यू हिअर मी नॉकिंग'मध्ये बॉबी कीजचा सॅक्स आहे, आणि माझ्या मते पडद्यामागच्या लोकांमध्ये खरा मोठा माणूस तोच. 'ब्राउन शुगर'चा सॅक्स काढून टाका, काय उरतं?

कोल्हापुरी_स्ट्रॅट
कीथ रिचर्ड्सचा गिटारचा रिफ उरतो!

सॅक्सवाला_पार्ले
रिफ उरतो, मान्य. पण पार्टी उरत नाही.

शांता_पुणे१६
मेघना, धागा आत्ता वाचला. कोणी 'द टिन मॅन वॉज अ ड्रीमर' कसं सुचवलं नाही? हॅरिसन आहे त्यात.

शिवाय क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिसची 'शेडी ग्रोव्ह' बघ. १९६९ मध्ये निकी कॅलिफोर्नियाला गेला आणि काही काळ या बँडमध्येच राहिला. शेवटचा तुकडा 'एडवर्ड, द मॅड शर्ट ग्राइंडर', नऊ मिनिटांच्या आसपास, त्याचाच आणि पियानोचाच. एडवर्ड हे त्याचं टोपणनाव. स्टोन्सच्या ब्रायन जोन्सला गिटार लावताना 'ई' स्वर हवा होता, ऐकू जाईना म्हणून तो ओरडला 'एडवर्डमधला ई', तेव्हापासून ते चिकटलं असं सांगतात.

जुनी प्रत घ्यायची तर पुण्याच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर जा, बुधवारी किंवा रविवारी. रेकॉर्ड कव्हरातून काढून खिडकीकडे तिरकी धर. वरवरचे केसाएवढे ओरखडे चालतात, पण नखाला लागतात ते ऐकू येतातच. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढऱ्या रेघा खूप असतील तर ती भरपूर वाजलेली आहे, कव्हर कितीही कोरं असो. आणि आत तीच रेकॉर्ड आहे ना, ते बघच. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान होतं तेव्हा हे काही बघावं लागत नसे. २०१६ मध्ये ते बंद झालं आणि विश्वासाने जायचं ठिकाण गेलं.

ठाणे_लोकल
ऱ्हिदम हाऊसच्या त्या काचेच्या खोल्यांत उभं राहून मी अख्ख्या एलपी ऐकल्यात. काळा घोड्यावरून जाताना अजून त्या बाजूला बघवत नाही.

थेम्सकाठचा_देशपांडे
थोडं अवांतर, पण मराठी धाग्यावर हे यायलाच हवं. पडद्यामागचे लोक म्हणताय तर केशव साठे यांचं नाव का नाही? मुंबईचा हा तबलजी लंडनला आला आणि इथल्या जाझ-फोकवाल्यांबरोबर वर्षानुवर्षं वाजवत राहिला. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जाझच्या रेकॉर्डवर ते आहेत, १९७२ च्या 'मॅजिक कार्पेट'वर आहेत, आणि जॉन रेनबोर्न ग्रुपच्या १९७७ च्या 'अ मेड इन बेडलम'वरही. तिथे जुन्या इंग्रजी लोकगीतांखाली तबला आहे आणि कुठेही परका वाटत नाही. साठे बोल दाखवायला जात नाहीत, गाणाऱ्या बाईला श्वास घ्यायला जागा ठेवून वाजवतात. निकीमध्ये जे तुम्हाला आवडतं, नेमकं तेच.

डॉ_सुहास_मिरज
तबल्याचा विषय निघालाच आहे तर लेड झेपेलिनच्या पहिल्या एलपीवरच्या 'ब्लॅक माउंटन साइड'मध्ये विराम जसानींचा तबला आहे. आणि १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'साठी आला होता, तेव्हा शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया त्यात वाजवून गेले. त्याच भेटीत 'द इनर लाइट'चं वादनही मुंबईतच रेकॉर्ड झालं, 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आहे ते.

कोल्हापुरी_स्ट्रॅट
मेघनाताईंनी पियानो विचारलाय, आपण तबल्यावर कुठे पोचलो! परत सांगतो, 'बेक-ओला'.

रात्रपाळी_सांगली
मी सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. 'टिन मॅन'ला माझंही अनुमोदन. एकच विनंती, 'जॅमिंग विथ एडवर्ड'च्या वाटेला जाऊ नका. कीथ रिचर्ड्स आलेला नसताना बाकीच्यांनी वेळ काढायला वाजवलेलं आहे ते. गिटारवर राय कूडर, स्टोन्सचे जॅगर, वायमन, वॉट्स आणि निकी. १९६९ मध्ये ऑलिम्पिक स्टुडिओत वाजवलं आणि १९७२ मध्ये बाजारात आणलं. जॅगरनेच कव्हरवर लिहिलंय की आम्हाला रेकॉर्ड करायला लागला त्याहून जास्त वेळ तुम्ही हे ऐकाल अशी आशा आहे. ज्यांनी वाजवलं तेच असं म्हणतात, तर आपण पैसे का घालावेत? मी घेतली, एकदा वाजवली आणि ठेवून दिली.

जुनी_तबकडी
शंभर टक्के सहमत. तिथे एकही धड गाणं नाही.

शांता_पुणे१६
मलाही ती विस्कळीत वाटली. संग्रह पूर्ण करणाऱ्यांनी घ्यावी, पहिली म्हणून नको.

एक सांगते मात्र. निकी स्टुडिओतच का राहिला हे लोक विसरतात. त्याला आतड्यांचा क्रोन्सचा आजार होता, १९६३ पासून ऑपरेशनं आणि लांबलचक इस्पितळ. रोज नव्या गावी बँडबरोबर फिरणं त्या शरीराला झेपणारं नव्हतं. संगीताच्या रॉयल अकॅडमीत शिकलेला मुलगा, स्वरलिपी वाचता येणारा, एकदा ऐकून वाजवणारा, म्हणून लंडनच्या स्टुडिओत त्याला मागणी. १९९४ मध्ये गेला, पन्नाशीच जेमतेम. किंक्सनी १९६६ मध्ये 'सेशन मॅन' नावाचं गाणं केलं, त्याच्या सुरुवातीचं हार्प्सिकॉर्ड, पियानोसारखं जुनं वाद्य, तेही त्याच्याचकडून वाजवून घेतलं. ते ऐकताना मला दरवेळी गलबलून येतं.

सॅक्सवाला_पार्ले
हे माहीत नव्हतं. आज परत ऐकतो सगळं.

मेघना_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, सुई बदलली, टर्नटेबलखाली एका बाजूला पुठ्ठा सरकवून सपाट केला आणि फरक खरंच कळला. बेल्ट ड्राइव्ह नाही घेतला. शांताताई, तिरकी धरून बघायचं शिकल्यामुळे एक दिसायला छान प्रत परत ठेवली.

आता निर्णय. मी 'जॅमिंग विथ एडवर्ड' घेतली. पुण्याच्या एका संग्राहकांकडून जुनी प्रत, पोस्टेजसकट बजेटमध्ये बसली. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटल्यावर मी ती आधी ऑनलाइन नीट ऐकली आणि मला जे हवं होतं ते तिथेच सापडलं. गाणी धड नाहीत हे खरं आहे. पण गाणं सांभाळायचं नसल्यामुळे पियानोला कोणासाठी थांबावं लागत नाही. 'एडवर्ड्स थ्रम्प अप'मध्ये डावा हात ठेका धरून बसतो आणि उजवा मनाला येईल तिकडे जाऊन बरोबर समेवर परत येतो. इतकी मिनिटं तो असा इतर कुठल्या रेकॉर्डवर मला ऐकू आला नाही. चार्ली वॉट्स त्याच्याकडे कान देऊन वाजवतोय हेसुद्धा कळतं. आणि कव्हरवरचं चित्रही निकीनेच काढलंय.

माझ्या शिक्षिकेला पहिली बाजू ऐकवली. त्यांनी सुई उचलून तोच भाग परत लावायला सांगितला आणि डाव्या हाताची बोटं कशी पडत असतील ते टेबलावर वाजवून दाखवलं. या आठवड्याचा गृहपाठ तोच आहे.

देशपांडे, 'अ मेड इन बेडलम' ऐकली. साठ्यांचा तबला डोक्यातून जात नाही. कोणाकडे त्याची जास्तीची प्रत असेल तर निरोप करा, बजेट तेच.

जुनी_तबकडी
तुमची निवड, तुमचे पैसे. पण 'टिन मॅन' एकदा ऐकाच. नाशिकला आलो तर माझी प्रत घेऊन येईन, तुमच्याकडेच वाजवू. फक्त कव्हर मी धरणार.